परतलेला मित्र आणि न पाळलेले सुतक

मृत माणूस परत येतो, ही भयकथेतील फार जुनी कल्पना. आम्हाला मात्र तिच्यातील भय दुय्यम वाटते. आलेला ‘तो’ नव्हे हे कळल्यावर मागे राहिलेल्याने काय करावे, हा तिचा खरा प्रश्न. जपानी वाङ्मयाने त्याला वेगवेगळ्या काळी वेगवेगळी उत्तरे दिली. त्यांपैकी अगदी अलीकडचे एक उत्तर मांगामध्ये, म्हणजे जपानी चित्रकथेत, सापडते. म्हणून हा प्रपंच.

पहिले उत्तर ‘कोजिकी’ (इ. स. ७१२) या ग्रंथातले. अग्निदेवाला जन्म देताना इझानामी मरण पावते. पती इझानागी तिला परत आणण्यासाठी योमी या मृतलोकात जातो. आपल्याकडे पाहू नये, अशी तिची अट असते. तो कंगव्याचा दात मोडून पेटवतो, कुजणारा देह पाहतो आणि पळ काढतो. मग वाटेत प्रचंड शिळा लावली जाते आणि तिच्या दोन बाजूंना उभे राहून पतिपत्नी काडीमोड घेतात. ती रोज १००० माणसे मारण्याची धमकी देते. तो रोज १५०० जन्मांची हमी देतो. इथे पाहणे म्हणजेच नाते तुटणे.

दुसरे उत्तर उएदा अकिनारी यांच्या ‘उगेत्सु मोनोगातारी’ (१७७६) या संग्रहातील शेवंतीच्या वचनाच्या कथेत आहे. सामोन हा विद्वान आजारी सोएमोनची शुश्रूषा करतो. दोघे बंधुत्वाची शपथ घेतात. नवव्या महिन्याच्या नवमीला परतण्याचे वचन देऊन गेलेला सोएमोन इझुमोत कैदेत अडकतो. देहाला जे अंतर एका दिवसात कापता येत नाही ते आत्म्याला येते, म्हणून तो प्राण देऊन वचन पाळतो. सामोन भुताला घरात ठेवून घेत नाही. मित्राच्या अस्थींसाठी इझुमोची वाट धरतो आणि त्याच्या मृत्यूचा सूडही घेतो. इथे नाते टिकते, कारण मरण मान्य केले जाते.

मोकुमोकुरेन यांच्या ‘हिकारु गा शिंदा नात्सु’ (हिकारु मेला तो उन्हाळा) या २०२१ मध्ये सुरू झालेल्या मांगात हे दोन्ही मार्ग नाकारले जातात. डोंगरात हरवलेला हिकारु गावी परततो. पण त्याच्या देहात दुसरेच काहीतरी वसलेले असते. बालमित्र योशिकी ते ओळखतो. आरंभीच, भर उन्हाळ्यात आइसक्रीम खाताना, तो तसे विचारतो. समोरचा चेहरा वितळू लागतो आणि ते ‘काहीतरी’ रडून विनवते : कुणाला सांगू नकोस. योशिकी पळत नाही, शिळा लावत नाही. मुळीच नसण्यापेक्षा हा बरा, असे ठरवून तो गप्प राहतो. मैत्री, प्रेम, अपराधभाव, यांपैकी एकाही शब्दात हे नाते पुरते मावत नाही.

या गप्प राहण्याची किंमत कोण मोजतो? आमच्या मते, खरा हिकारु. त्याच्या जागी दुसरा वावरतो आहे, म्हणून त्याच्यासाठी कुणी रडलेले नाही, त्याचे सुतक कुणी पाळलेले नाही. सामोनने मित्राला निदान अस्थींचा मान दिला. योशिकीच्या मित्राला तोही नाही. जिवापाड प्रेम करणाराच मृताचा शेवटचा हक्क हिरावून घेऊ शकतो, हे या मांगाचे खरे भय आहे.