'मिसिंग'चा शोध: पौड ते ताम्हिणी

जुनी गाडी मध्येच अडखळून झटके खाऊ लागली, की मेस्त्री म्हणतो, 'मिसिंग मारतेय.' १९४४ साली वालचंद हिराचंद यांनी स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची फियाट आणि पुढे तिचेच पद्मिनी हे रूप रस्त्यावर होते, तेव्हा हा दोष कानाने आणि बोटांनी शोधला जाई. पौडहून ताम्हिणी घाटाकडे जाणारा मुळशीचा रस्ता या शोधाची कसोटीच.

पावसाळ्यात ताम्हिणीत बिघाड बहुधा ठिणगीचा. डिस्ट्रिब्युटरच्या टोपीत ओल शिरली, की वीज भलतीकडे निसटते. टोपी काढून कोरड्या फडक्याने पुसायची, काळवंडलेले पॉइंट पॉलिश पेपरने घासायचे आणि त्यांतली फट फीलर गेजने साधारण ०.४ ते ०.५ मिलिमीटर लावायची. चालू इंजिनात एकेका प्लगची वायर काढून पाहण्याची रीत तर फार नेमकी: जी काढल्यावर आवाज बदलत नाही, तोच सिलिंडर आळशी.

उन्हाळ्यात चढावर दोष पेट्रोलकडे वळे. तापलेल्या पंपात पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा तुटे. पंपावर ओले फडके ठेवून थोडे थांबले, की गाडी पुन्हा धावे. कचऱ्याने तुंबलेला कार्ब्युरेटरचा जेट फुंकून साफ होई.

२०००पासून उत्सर्जनाचे नियम देशभर कडक झाले आणि नव्या मोटारींतला कार्ब्युरेटर मागे पडला. आता स्कॅनर बिघाडाचा कोड दाखवतो. मात्र सैल झालेली वायर अधूनमधूनच संपर्क सोडत असेल, तर कोड नोंदला जाईलच असे नाही; तेव्हा इंजिन चालू ठेवून जोडण्या हलवून पाहाव्या लागतात.