नारळीकरांच्या विज्ञानकथांतील सूक्ष्म खुणा

सूक्ष्म खुणा म्हणजे सहज नजरेतून निसटणारे, परंतु जाणत्या वाचकाला पुढचे आधीच सुचवणारे तपशील. जयंत विष्णू नारळीकर (१९३८–२०२५) यांच्या बाबतीत अशी पहिली खूण कथेबाहेर, टोपणनावातच सापडते: १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप या नावाने पाठवली, ज्याची आद्याक्षरे त्यांच्याच आद्याक्षरांच्या उलट क्रमाने येतात, हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून ती पत्नीकडून लिहवून घेतली होती, आणि पहिले पारितोषिक या कथेलाच मिळाले. ‘उजव्या सोंडेचा गणपती’ या कथेत शीर्षकच खूण ठरते, आणि तीही दुसऱ्या वाचनातच पुरती उमगणारी, कारण मोबियस पट्टीच्या, म्हणजे अर्धा पीळ देऊन टोके जोडलेल्या एकपृष्ठी पट्टीच्या, धर्तीवर अवकाशातून फिरून आलेल्या वस्तूचे डावे-उजवे आरशातल्याप्रमाणे पालटते.