चुना गेला, ओल राहिली

कोकणातल्या घराला ओल काही नवी नाही. वर्षाला शंभर इंचांहून अधिक पाऊस जिथे कोसळतो, तिथे भिंत कोरडी राहील कशी? पण जुन्या लोकांनी ओल कायमची हटवण्याचा हट्ट धरला नव्हता. आलेल्या ओलीला जायला वाट ठेवली होती, एवढेच. ही वाट बुजली कशी, तो इतिहास फार लांबचा नाही.

आपला जांभाच पाहा ना. फ्रान्सिस बुकॅनन याने १८०७ साली छापलेल्या प्रवासवर्णनात मलबारातल्या या दगडाला ‘लॅटेराइट’ हे नाव दिले. लॅटिनमध्ये ‘लॅटर’ म्हणजे वीट. खाणीत तो मऊ, लोखंडी हत्याराने सहज तासता येतो. वाऱ्यावर कडक होतो. पण अंगभर छिद्रे. जमिनीतले पाणी, दिव्याच्या वातीतून तेल चढावे तसे, जोत्यातून वर चढते. या दगडावर गिलावा असे चुन्याचा. किनाऱ्यावर शिंपले भाजून चुना करीत, भिजत ठेवीत, मग बैलाच्या घाणीत मळीत. कोणी त्यात गूळ, हिरडाही घालीत. हवेतला कार्बन डायॉक्साइड घेऊन हा चुना सावकाश घट्ट होतो, पण त्याची बारीक छिद्रे उघडी राहतात. पावसाळाभर भिंत जे पाणी पिई, ते पुढे उन्हात वाफ होऊन निघून जाई. लोणा फुटे, पोपडे पडत, आणि दिवाळीपूर्वी पुन्हा चुन्याचा हात फिरे. कटकट होती खरी. पण झिजे तो गिलावा, दगड नव्हे.

इंग्लंडात लीड्सच्या जोसेफ ॲस्पडिन नावाच्या गवंड्याने १८२४ साली पोर्टलंड सिमेंटचे पेटंट घेतले. आपल्याकडे पोरबंदरला १९१४ मध्ये सिमेंट तयार होऊ लागले आणि १९३६ मध्ये दहा कंपन्या एकत्र येऊन ए.सी.सी. झाली. झटपट कडक होणारा गिलावा कोणाला नको? घाणी सुटली, बैल सुटला. गवंड्याला तरी दोष कसा द्यावा! मालकच म्हणतो, ‘एकदाचे पक्के करून टाक बाबा.’

मग आतल्या ओल्या भिंतीला सिमेंट, वर ऑइल पेंट. पावसाळा-दोन पावसाळे भिंत देखणी दिसते. पाणी मात्र चढतच असते. पुढची वाट बंद, म्हणून ते आणखी वर सरकते आणि गुडघ्याएवढी ओल कमरेपर्यंत येते. याहून भय आहे ते वर, भिंतीत बसवलेल्या तुळयांच्या टोकांचे. पावसाच्या झडीने भिजलेली भिंत आतून वाळत नाही, लाकूड आतल्या आत कुजते, आणि बाहेरून रंग चकचकीतच!

तेव्हा खर्च करायचा तर आधी घराबाहेर करावा. जोत्यावर चढलेली माती उतरवावी, पागोळ्यांचे पाणी दूर काढून द्यावे, झडीच्या बाजूला पूर्वीसारखे माडाच्या झावळ्यांचे झाप बांधावेत. मगच आतले सिमेंट हलक्या हाताने खरवडावे, भिंत एक अख्खा उन्हाळा उघडी ठेवावी आणि चुन्याचा गिलावा पावसाळा सरल्यावर काढावा.