कमांड लाइनची कुळकथा : जेकार्डच्या पत्त्यांपासून ‘पुश’पर्यंत

क्लाउड फाउंड्री या क्लाउड मंचावर एखादे अ‍ॅप्लिकेशन चालू करायचे तर टर्मिनलमध्ये ‘सीएफ पुश’ एवढी ओळ टाइप करून एंटर दाबले की पुरते. सर्व्हर विकत घेणे, त्यावर ऑपरेटिंग सिस्टीम बसवणे, लागणारी सॉफ्टवेअरे जमवणे, यांतले काहीच प्रोग्रामरला हाताने करावे लागत नाही. माऊस आणि खिडक्यांचे संगणक घरोघरी पोचून कित्येक वर्षे झाली, तरी हे काम टाइप केलेल्या ओळीनेच होते. लिहून दिलेली आज्ञा साठवता येते, दुसऱ्याच्या हाती देता येते आणि जशीच्या तशी पुन्हा चालवता येते, हे त्याचे मुख्य कारण. हा गुण संगणकाहून जुना आहे. त्याचा माग काढत गेले की वाट खरोखरीच्या मागापाशी पोचते.

माग म्हटले की सुरत आठवते; ती जरीची आणि किनखाबाची. नक्षीदार कापडात प्रत्येक आडव्या धाग्यामागे ताण्याचे वेगवेगळे धागे उचलावे लागतात. जुन्या मागावर विणकराच्या जोडीला एक माणूस दोऱ्या ओढायला बसे आणि नक्षीचा क्रम सांभाळे. फ्रान्सच्या ल्योन शहरात बाझील बूशोंने १७२५ मध्ये हा क्रम भोके पाडलेल्या कागदी पट्टीवर उतरवला. त्याचा सहकारी फाल्कों याने पट्टीऐवजी एकमेकांना जोडलेले पुठ्ठ्याचे पत्ते वापरले, आणि १८०४ च्या सुमारास जोझेफ मारी जॅकार्डने या सगळ्याला रोजच्या वापरात टिकणारे रूप दिले. भोक असेल तिथे सुई आत जाते आणि धागा उचलला जातो. भोक नसेल तर धागा खालीच राहतो. पत्त्यांची माळ बदलली की त्याच मागावर दुसरी नक्षी उतरते. १८३९ मध्ये जॅकार्डचे एक रेशमी चित्र विणले गेले, त्यासाठी सुमारे २४,००० पत्ते लागले होते.

सुरतेत या यंत्राला सरसकट ‘जेकार्ड’ म्हणतात. शहरातल्या उधना, पांडेसरा भागांतल्या कारखान्यांमुळे खानदेशातून येऊन तिथे स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांनाही हा शब्द परका नाही. १९८३ मध्ये मिलानच्या प्रदर्शनात बोनास कंपनीने इलेक्ट्रॉनिक जेकार्ड मांडले, आणि पुढे पत्त्यांच्या जागी फाइल आली. नक्षी मागापासून वेगळी ठेवायची ही मूळ कल्पना मात्र तशीच राहिली.

चार्ल्स बॅबेजने आपल्या विश्लेषक यंत्राच्या आराखड्यात आज्ञा आणि आकडे देण्यासाठी जॅकार्डचेच पत्ते घेतले. ते यंत्र पुरे झाले नाही. पत्त्यांना संगणनात खरे स्थान मिळाले ते अमेरिकेच्या १८९० च्या जनगणनेत, हर्मन हॉलेरिथच्या यंत्रांमुळे. हॉलेरिथने स्वतः आगगाडीतल्या कंडक्टरने भोके पाडलेल्या तिकिटांचा दाखला दिला होता. त्यामुळे मागापासून संगणकापर्यंत एकच सरळ रेघ ओढणे बरोबर नाही. या घराण्यात तिकीटही एक पूर्वज आहे. हॉलेरिथची कंपनी पुढे आयबीएममध्ये सामावली, आणि १९२८ पासून ८० स्तंभांचा पत्ता रूढ झाला.

१९६० च्या दशकात प्रोग्राम म्हणजे पत्त्यांचा गड्डा. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ मध्ये सीडीसी ३६०० हा संगणक आला, तेव्हा देशातल्या अनेक संस्थांचे काम त्यावर होई. अशा यंत्रांवर प्रोग्रामच्या मागेपुढे काही नियंत्रणाचे पत्ते लावायचे असत: हे काम कोणाचे, कोणता कंपायलर हवा, कोणती टेप जोडायची. हिशेब काय करायचा हे त्या पत्त्यांवर नसे. तो कसा चालवायचा एवढेच असे. कोड चालू करणाऱ्या आजच्या ‘डिप्लॉय’ आज्ञेचा सर्वांत जवळचा पूर्वज हाच. पण गड्डा दिल्यावर उत्तरासाठी तास न् तास थांबावे लागे, आणि एका भोकाची चूक झाली तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

ही कोंडी फुटली एमआयटीत. फर्नांडो कोर्बातो यांच्या चमूने नोव्हेंबर १९६१ मध्ये सीटीएसएस ही प्रणाली दाखवली. एकाच संगणकावर अनेक माणसे आपापल्या टंकयंत्रासारख्या टर्मिनलवरून काम करू लागली. ओळ टाइप केली की उत्तर कागदावर उमटे. नियंत्रणाचा पत्ता आता बोटांतून येणारी ओळ झाला होता. मात्र पत्त्यांचा एक मोठा फायदा त्यात हरवला: तीच आज्ञामाळ पुन्हा चालवायची तर सगळे पुन्हा टाइप करणे आले. लुई पूझाँ या फ्रेंच अभियंत्याने तो फायदा परत मिळवला. त्याच्या ‘रनकॉम’ प्रोग्रामला आज्ञांची फाइल दिली की त्या एकामागून एक चालत. आज युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टीमवरच्या कितीतरी सेटिंग फाइलींच्या नावात शेवटी ‘आरसी’ ही अक्षरे दिसतात, ती या रनकॉमची खूण. आज्ञा वाचणारा प्रोग्राम प्रणालीच्या गाभ्यापासून वेगळा असावा, हा विचारही पूझाँचाच. त्याला ‘शेल’ हे नाव त्यानेच दिले, आणि सीटीएसएसनंतरच्या मल्टिक्स या प्रणालीवरचे पहिले शेल ग्लेंडा श्रोडर यांनी लिहिले.

मल्टिक्सच्या कामात सहभागी असलेली बेल प्रयोगशाळा १९६९ मध्ये त्यातून बाहेर पडली. त्याच वर्षी तिथल्या केन थॉम्पसनने युनिक्सला हात घातला. तिथले टेलिटाइप सेकंदाला दहा अक्षरे छापी, म्हणून ‘एलएस’, ‘सीपी’, ‘एमव्ही’ अशा दोन अक्षरांच्या आज्ञा पडल्या. १९७३ मध्ये डग मॅकलरॉय यांच्या आग्रहावरून पाइप आले आणि एका आज्ञेचे उत्तर थेट दुसरीच्या हाती जाऊ लागले. १९७९ च्या बोर्न शेलमध्ये अटी आणि आवर्तने लिहिता येत होती; ‘बॅश’ हे १९८९ चे शेल त्याच वळणाचे. १९९५ मध्ये फिनलंडच्या तातू युलोनेनने एसएसएच लिहिले, तेव्हा दूरच्या यंत्रावर सुरक्षितपणे आज्ञा चालवता येऊ लागल्या. सर्व्हर दुसऱ्या गावात असला तरी आता चालणार होते. तो सर्व्हर नीट ठेवण्याची जबाबदारी मात्र प्रोग्रामरकडेच होती.

ती जबाबदारी क्लाउडने उचलली. अ‍ॅमेझॉनची ईसी२ सेवा ऑगस्ट २००६ मध्ये आली, आणि ब्राउझरमधले तिचे नियंत्रणपटल जानेवारी २००९ मध्ये. मधली सुमारे अडीच वर्षे क्लाउडवरचे यंत्र मागवायचे ते मुख्यतः आज्ञेनेच. २००७ मध्ये सुरू झालेल्या हेरोकूने पुढे यंत्राचा विषयच काढून टाकला: कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या गिट या साधनातून ‘गिट पुश’ केले की कोड वर जाई आणि अ‍ॅप्लिकेशन चालू होई. एप्रिल २०११ मध्ये व्हीएमवेअरने क्लाउड फाउंड्री मुक्त स्रोत म्हणून आणली. तिचे पहिले साधन ‘व्हीएमसी’ रूबी भाषेत होते. ते वापरायला आधी रूबी बसवावी लागे. पुढचे ‘सीएफ’ गो भाषेत नव्याने लिहिले गेले, त्यामुळे एकच फाइल उतरवून काम भागू लागले. असे बदल बाहेरून किरकोळ दिसतात, पण साधन किती हातांत पोचणार हे त्यांच्यावरच ठरते.

‘सीएफ पुश’ दिल्यावर बरेच काही घडते. साधन आधी मॅनिफेस्ट फाइल वाचते: अ‍ॅप्लिकेशनचे नाव, किती मेमरी, किती प्रती. मग प्रत्येक फाइलीचा ठसा काढून मंचाला विचारते आणि जी आधीपासून तिथे नाही तीच वर पाठवते. कोड कोणत्या भाषेतला आहे हे बिल्डपॅक ओळखते. ही कल्पना हेरोकूकडून आलेली. बिल्डपॅक लागणाऱ्या लायब्रऱ्या जोडून ‘ड्रॉपलेट’ तयार करते, मंच ते आपल्या एका यंत्रावर चालवतो, प्रकृती तपासतो आणि वेबपत्ता जोडून देतो. चालती प्रत मध्येच कोसळली तर मंच दुसरी उभी करतो. प्रती किती हव्यात हे मॅनिफेस्टमध्ये लिहिलेले असते, आणि मंच तेवढ्या कायम राखतो.

मार्च २०१३ मध्ये डॉकर आणि जून २०१४ मध्ये कुबरनेटीज ही कोड बांधून चालवण्याची साधने आल्यावर मॅनिफेस्टसारखा मजकूर अधिकच महत्त्वाचा झाला. कुबरनेटीजच्या आज्ञा देणाऱ्या साधनाला फाइलीत हवी ती स्थिती लिहून द्यायची असते. तिथवर कसे पोचायचे ते प्रणाली पाहते. भारतात मायक्रोसॉफ्टची क्लाउड केंद्रे २०१५ मध्ये पुणे, मुंबई आणि चेन्नईत उघडली, अ‍ॅमेझॉनचे मुंबई केंद्र जून २०१६ मध्ये आणि गूगलचे २०१७ मध्ये. सुरतेहून दिलेल्या आज्ञेला त्यामुळे सिंगापूरचे केंद्र गाठायची गरज उरली नाही. पश्चिम रेल्वेच्या एका गाडीच्या टप्प्यातले शहर तिचे काम करते. आता अनेक ठिकाणी ही आज्ञा माणूस टाइपही करत नाही. कोड गिटमध्ये दाखल झाला की दुसरा एक संगणक चाचण्या चालवतो, आणि कोड त्यांत उतरला तर फाइलीत लिहून ठेवलेली पुशची ओळ स्वतःच चालवतो.