स्रोत झिजतो, घनता वाढते

नळीत हात न घालता आतला माल किती घट्ट आहे ते सांगणारं यंत्र, इथवर आपण मागच्या वेळी आलो होतो. वाळू-पाणी वाहणाऱ्या नळीच्या एका बाजूला शिशाच्या कवचात किरणोत्सारी स्रोत, समोर शोधक. माल जितका घट्ट, तितके गॅमा किरण समोर कमी पोचतात. शोषणाचा हा नियम जुना. प्रकाशासाठी तो पिएर बूगेरनं १७२९ मध्येच मांडला होता.

पण स्रोतच मंदावला तर? १९०२ मध्ये मॉन्ट्रियलला रदरफर्ड आणि सॉडी यांनी दाखवलं की ही घट ठरलेल्या नियमानं होते. तेव्हा कारखान्यांना त्याचं काही वाटायचं कारण नव्हतं. पुढे ओतकामातल्या भेगा शोधायला रेडियम आलं, पण त्याचं अर्धायुष्य सुमारे १६०० वर्षं! पंचवीस वर्षांत घट जेमतेम १ टक्का. रेडियम महाग, पण टिकाऊ.

अणुभट्ट्या आल्या आणि स्वस्त स्रोत मिळू लागले. सीझियम-१३७ तर सीबोर्ग आणि मार्गारेट मेलहेस यांनी १९४१ मध्येच ओळखलं होतं. त्याचं अर्धायुष्य ३० वर्षं, कोबाल्ट-६० चं सव्वापाच. म्हणजे कोबाल्ट महिन्याला १ टक्क्याहून थोडं जास्त उतरतं, सीझियम वर्षाला २.३ टक्के. माझ्या मते वाचन दुरुस्तीचा खरा इतिहास इथून सुरू होतो.

आता गंमत बघा. किरण कमी आले की यंत्राला वाटतं, माल घट्ट झाला. नळी ३० सेंटिमीटरची, स्रोत सीझियमचा आणि मालाची घनता १.२० असेल, तर वर्षभरात यंत्र १.२१ च्या आसपास दाखवू लागतं. फरक किरकोळ वाटतो ना? पण त्यावरून वाळूचं वजन काढलं, तर २७ टक्क्यांचे जवळपास २८ होतात. उपशाचे पैसे टनावर मिळत असतील, तर न काढलेल्या वाळूचंही बिल होतं.

जुना उपाय साधा होता: नळीत स्वच्छ पाणी सोडायचं आणि काटा पुन्हा १.०० वर आणायचा. पुढे यंत्रात मायक्रोप्रोसेसर आला. त्याला स्रोताचं अर्धायुष्य आणि संदर्भ तारीख दिली की घट तो स्वतःच भरून काढू लागला. इथे एक नवी खोच निर्माण झाली. पाण्यावर शून्य नव्यानं लावलं, पण संदर्भ तारीख जुनीच राहिली, तर एकाच घटीची दुरुस्ती दोनदा होते आणि वाचन खाली जातं.

शिवाय तारखेला फक्त स्रोताची झीज कळते, नळीची नाही. वाळूनं पोलादी भिंत १ मिलिमीटर घासली गेली, की समोर सुमारे ५ टक्के जास्त किरण पोचतात. म्हणजे सीझियमची दोन वर्षांची घट उलट्या दिशेनं! ही झीज कुठल्याही कॅलेंडरात नसते, म्हणून मायक्रोप्रोसेसर आल्यावरही नळीत पाणी सोडणं सुटलं नाही.