रंगाचा हिशेब चौरस इंचात

चित्र छापायच्या ब्लॉकचा दर चौरस इंचावर असायचा. दिवाळी अंकांचे संपादक श्रावणातच व्यंगचित्रांचा गठ्ठा घेऊन गिरगावातल्या आमच्या ब्लॉक मेकरकडे यायचे. पट्टी मालकाच्या हातात असली तरी नजर त्यांची असायची. चित्र चार बाय तीन म्हणजे बारा चौरस इंच. तेच साडेतीन बाय अडीच केलं तर पावणेनऊ. एका चित्रामागे सव्वातीन इंचांचे पैसे वाचले. असली चाळीस चित्रं घेतली की कोणा लेखकाचं मानधन सुटत असेल. चित्रकारानं चित्र केवढं काढलंय याच्याशी कॅमेऱ्याला देणंघेणं नव्हतं, तो हवं तेवढं लहान करून देई. रेषा बारीक होऊन मरायला टेकल्या तर त्याचं काय ते आम्ही निस्तरायचं.

माझी भाची वेबवर चित्रकथा काढते. मध्यंतरी तिनं विचारलं, “मामा, नवी गोष्ट काळ्या-पांढऱ्यात करू की रंगीत?” मी सवयीनं म्हणालो, “खर्चात फरक किती?” ती म्हणाली, “काहीच नाही.” ज्या प्रश्नाचं उत्तर जन्मभर पट्टी आणि पाकीट देत आलं, त्याचं उत्तर आता चित्रकारानंच द्यायचं म्हणजे जरा अवघडच. तिला जे तुकड्यातुकड्यानं सांगितलं ते इथे सलग लिहितो.

रेषाचित्राचा लाइन ब्लॉक जस्ताच्या पत्र्यावर व्हायचा. चित्राची निगेटिव्ह काढायची, लेप दिलेल्या पत्र्यावर ती प्रकाशानं उतरवायची आणि पत्रा नायट्रिक ॲसिडमध्ये सोडायचा. शाई लागायची तिथला धातू राहतो, बाकीचा ॲसिड खातं. पण ॲसिड खाली उतरता उतरता बाजूलाही शिरतं. रेषेच्या पोटात शिरलं की छपाईत रेषा तुटलीच. म्हणून थोडं खोदून झालं की पत्रा बाहेर काढून धुवायचा, वाळवायचा, त्यावर ‘ड्रॅगन्स ब्लड’ नावाची लाल राळेची पूड ब्रशनं चारी दिशांनी फिरवायची. ती रेषांच्या कडेला साठते. पत्रा तापवला की वितळून कडा झाकते. मग पुन्हा ॲसिड, पुन्हा पूड. संध्याकाळी नाक शिंकरलं तरी लाल निघायचं.

या सगळ्यात करड्याला जागाच नव्हती. धातू आहे किंवा नाही, एवढंच. करडं हवं असेल तर चित्रकारानं बारीक आडव्यातिडव्या रेषा ओढायच्या, नाहीतर ठिपक्यांचा आधार घ्यायचा. बेंजामिन डे नावाच्या अमेरिकन माणसानं 1879 मध्ये ठिपक्यांची युक्ती काढली आणि पुढे अमेरिकन कॉमिक्सचे गुलाबी गाल त्याच ठिपक्यांवर निभावले. आपल्याकडचे चांगले व्यंगचित्रकार ब्लॉकवाल्याला ओळखून असत. कोट काळाभोर, भिंत कोरी, मध्ये दोनच छटांच्या रेषा. इंच कितीही कापले तरी असं चित्र टिकायचं.

रंगीत कामाची तऱ्हा वेगळी. एकाच चित्राचे फिल्टर लावून चार फोटो, त्यांचे चार हाफटोन, म्हणजे बारीक ठिपक्यांचे, ब्लॉक, आणि तोच कागद चार वेळा मशीनखाली. पहिल्यांदा बहुधा पिवळा, शेवटी काळा. एका फेरीत कागद केसभर सरकला तर नायिकेचे ओठ हनुवटीवर. त्यामुळे रंग मुखपृष्ठावर आणि आत शाई, ही दिवाळी अंकांची वाटणी कुणा कलावंतानं ठरवलेली नाही.

त्या वाटणीतून कमाई मात्र झाली. व्यंगचित्रकार शि. द. फडणीसांचं ‘मोहिनी’ अंकाचं एक मुखपृष्ठ अजून लोकांच्या लक्षात आहे: बसस्टॉपवर तरुणी उभी, तिच्या साडीवर उंदीर, शेजारी तरुण, त्याच्या शर्टावर मांजरं. शब्द एकही नाही. हा विनोद नीट पाहिला तर रेषेचाच आहे, काळ्या शाईतही तो कळेल. पण रंगात आधी दोन छान माणसं दिसतात, कपडे दिसतात, आणि मग कापडावरची नक्षी काय आहे हे ध्यानात येतं. रंग विनोदाला क्षणभर थांबवून धरतो. हे ज्याला साधतं त्यानं रंग वापरावा, असं माझं ठाम मत आहे. नुसतं आकाश निळं आणि गवत हिरवं करायला चार ब्लॉक कशाला?

या बाबतीत सगळ्यात मोठी परीक्षा टिनटिनचा चित्रकार एर्जे यानं दिली. टिनटिन 10 जानेवारी 1929 रोजी ब्रुसेल्समधल्या एका वर्तमानपत्राच्या मुलांच्या पुरवणीत सुरू झाला, काळ्या-पांढऱ्यात. अल्बमही तसेच निघाले, शंभराहून जास्त पानांचे. पुढे युद्धात बेल्जियम जर्मनांच्या ताब्यात गेला, कागदाची टंचाई झाली आणि प्रकाशक कास्टरमन म्हणू लागला, पानं कमी करा आणि रंग भरा. यापुढे अल्बम 62 पानांचा. हा आकडा कुठून आला ते प्रेसवाल्याला सांगावं लागत नाही. सोळा पानांचे चार फर्मे म्हणजे 64, त्यातली दोन नावनिशाणीला.

1942 मधला ‘द शूटिंग स्टार’ हा थेट रंगीत निघालेला पहिला अल्बम. जुन्या गोष्टींचं काय? नुसता रंग ओतून भागत नव्हतं. शंभरावर पानांची गोष्ट 62 पानांत बसवायची म्हणजे चौकटी कापणं, जोडणं, कित्येक नव्यानं काढणं आलं. 1944 पासून एडगर जेकब्स एर्जेच्या मदतीला होता. रंग भरण्याची त्यांची रीत आमच्या धंद्यातल्या माणसाला हेवा वाटावा अशी: चित्राची फिकट निळी छाप कागदावर घ्यायची, तिच्यावर रंग लावायचे, आणि काळ्या रेषेची पारदर्शक फिल्म वरून ठेवायची. रेषा आणि रंग शेवटपर्यंत वेगळे. सावल्या जवळजवळ नाहीत, सपाट रंग, एकसारखी रेषा. ज्याला आज टिनटिनची शैली म्हणतात ती निम्मी तरी या सोयीतून घडली, असं मला वाटतं. पहिली सोव्हिएत रशियाची गोष्ट मात्र एर्जेनं कधीच रंगवली नाही. ती त्याच्या मृत्यूनंतर, 2017 मध्ये रंगीत निघाली. मी पाहिली, न निघती तरी चाललं असतं.

वेताळाचं नेमकं उलटं झालं. ली फॉकचा फँटम, म्हणजेच आपला वेताळ, 17 फेब्रुवारी 1936 पासून रोजच्या पेपरात काळ्या-पांढऱ्या पट्टीत येई, आणि फॉकच्या मनात त्याचा पोशाख करडा होता. 28 मे 1939 ला त्याची रविवारची रंगीत पट्टी सुरू झाली, आणि छापून आला तो जांभळा. इटलीत तो लाल झाला, स्वीडनमध्ये निळा. आपल्याकडे मार्च 1964 मध्ये टाइम्सनं ‘इंद्रजाल कॉमिक्स’ काढलं. मग मराठी पोरंही जांभळ्या वेताळावर पोसली. जंगलात लपून राहणाऱ्या माणसानं जांभळा अंगरखा का घालावा, हा प्रश्न आम्हाला कधी पडला नाही. कारण सोपं आहे: त्याची ओळख रंगात नव्हतीच. मुखवटा, पट्ट्यापट्ट्यांची चड्डी आणि कवटीची अंगठी, तिन्ही शाईत बसणाऱ्या गोष्टी. रोजच्या पट्टीसाठी घडलेला माणूस कुठल्याही देशाच्या शाईत तगतो.

‘अमर चित्र कथा’ 1967 ची. ती काढणाऱ्या अनंत पैंकडे तेव्हा पैसा बेताचा, म्हणून सुरुवातीच्या अंकांत पिवळा, निळा, हिरवा एवढ्यावरच भागवलं जाई. चौरंगी छपाई नंतर आली. जपानी लोकांनी तर हा घोळच घातला नाही. 1959 पासून तिथं मुलांची कॉमिक साप्ताहिकं निघू लागली. आठवड्याला ढीगभर पानं, स्वस्त जाडाभरडा कागद. सगळं रंगवायला वेळ कुणाला? एकाच शाईत छापलं, सुरुवातीची काही पानं रंगीत ठेवली आणि तेवढ्याचाही मान केला. करड्यासाठी छापील ठिपक्यांचे कागद कापून चिकटवले. नाइलाज होता, पण त्यातून त्यांनी वेग, घाम, पाऊस, शांतता हे सगळं शाईत काढायची अशी भाषा बनवली की आता कागद परवडला तरी ती सोडवत नाही.

भाचीला मी म्हणालो, खर्च शून्य म्हणतेस तो कागदाचा. एक पान शाईत करायला तुला किती वेळ लागतो आणि रंगवायला किती? तिनं कबूल केलं की रंगाला दुप्पट जातो, त्यातला निम्मा प्रत्येक आकाराला सपाट रंग लावण्यातच. मग पैसे गेले नाहीत, रात्री गेल्या. जेफ स्मिथनं ‘बोन’ ही चित्रकथा 1991 ते 2004 काळ्या-पांढऱ्यात पुरी केली. रंगीत आवृत्ती 2005 पासून निघाली आणि रंग भरले स्टीव्ह हॅमेकरनं. तिच्याकडे कोण हॅमेकर बसलाय? फोनवर उभ्या सरकणाऱ्या कोरियन चित्रकथा बहुतेक रंगीत असतात, वाचकाला तीच सवय लागली आहे, हे तिचं म्हणणं खरं आहे. पण तिथं रंगाला वेगळी माणसं असतात.

आणि मुख्य म्हणजे हे आधी ठरवायला हवं. रंगाच्या भरवशावर काढलेलं चित्र रंगाविना पोकळ दिसतं. कोट कुठला, भिंत कुठली, कळत नाही. शाईसाठी काढलेल्या चित्रात मागून रंग घातला की काळे भाग चिखल होतात. पेन्सिलीतच कळायला हवं की काळं कुठे बसणार.

तिनं शेवटी मधला रस्ता काढला: काळी शाई आणि एकच जादा रंग. आम्ही याला दुरंगी म्हणायचो. एक ब्लॉक जास्त, एक फेरी जास्त, आणि बहुतेक वेळा लाल, कारण तो काळ्याशेजारी उभा राहतो. तिला हळदी पिवळा हवा आहे. पांढऱ्यावर नुसता पिवळा टिकत नाही, कागदावरही नाही आणि तुझ्या काचेवरही नाही, असं मी दोनदा सांगितलं. ती म्हणते, मग पांढरं ठेवतच नाही, पार्श्वभूमीच करडी करते. करडं फुकट मिळायला लागल्यावर माणसं असंच बोलणार.