निळ्या थेंबाची वंशावळ

स्किनकेअरची एक रील चुकून पूर्ण पाहिली, की पुढे गडद निळ्या सीरमची जाहिरात ठरलेली. बाटलीवर 'कॉपर पेप्टाइड' आणि खाली 'विज्ञानाने सिद्ध'. मी सॉफ्टवेअरमधला माणूस. कोडमधली एखादी ओळ विचित्र वाटली, की ती पहिल्यांदा कुणी, कधी आणि कशासाठी लिहिली हे आम्ही उकरून काढतो. या निळ्या थेंबाचंही तेच केलं. वंशावळ निघाली ती त्वचेपाशी नाही, यकृतापाशी.

साल १९७३. सॅन फ्रान्सिस्कोतल्या कॅलिफोर्निया विद्यापीठात लॉरेन पिकार्ट आणि मायकेल थेलर यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. मानवी रक्तात त्यांना एक चिमुकला रेणू सापडला होता. तो मिसळला की प्रयोगशाळेत वाढवलेल्या यकृताच्या पेशी जास्त काळ तग धरत. रेणूत अमिनो आम्लं फक्त तीन: ग्लायसिन, हिस्टिडिन आणि लायसिन. म्हणून नाव जीएचके. सुरकुत्यांचा तिथे विषयच नव्हता.

१९८०मध्ये पिकार्ट आणि सहकाऱ्यांनी 'नेचर'मध्ये पुढचा धागा मांडला: हा रेणू कदाचित पेशींना तांबं मिळवून देऊन काम करत असावा. जीएचके तांब्याला घट्ट धरतो आणि त्या जोडीचा रंग निळा. सीरमचा रंग येतो तो इथून.

पण तांब्याचा आणि त्वचेचा संबंध काय? तांब्याच्या भांड्यातल्या पाण्यावरून घराघरांत होणारे वाद बाजूला ठेवू. याचं उत्तर ऑस्ट्रेलियातल्या मेंढ्यांनी दिलं. मेंकेस नावाच्या आनुवंशिक आजारात मुलांचे केस राठ आणि पीळदार होतात, मेंदूची वाढ खुंटते. १९७२मध्ये मेलबर्नच्या डेव्हिड डँक्स यांच्या लक्षात आलं, की हे केस तांब्याची कमतरता असलेल्या मेंढ्यांच्या लोकरीसारखे दिसतात. तपासलं तर या मुलांच्या शरीरातही तांब्याचीच उणीव निघाली. त्वचेला ताकद देणारे कोलॅजनचे आणि लवचीकपणा देणारे इलॅस्टिनचे धागे एकमेकांत गुंफायचं काम लायसिल ऑक्सिडेज हे विकर करतं, आणि तांब्याशिवाय ते चालत नाही.

मग १९८८. फ्रान्समधल्या रँस शहरात मॅकार आणि सहकाऱ्यांनी कोलॅजन तयार करणाऱ्या फायब्रोब्लास्ट पेशींना जीएचके-तांबं दिलं. पेशींची संख्या तेवढीच राहिली, कोलॅजन मात्र जास्त तयार झालं. लागलेली मात्रा लिटरभर द्रवात एका मायक्रोग्रॅमहूनही कमी. निकाल खराच सुंदर आहे. फक्त एक गोष्ट विसरायची नाही: काचेच्या बशीतल्या पेशींवर त्वचेचा वरचा तेलकट, मृत पेशींचा थर नसतो. बशीत औषध थेट पेशीवर पडतं. चेहऱ्यावर त्याला आधी ती भिंत ओलांडावी लागते, आणि पाण्यात विरघळणाऱ्या रेणूला ते जड जातं.

जखमेत ती भिंतच नसते. त्यामुळे पुढचा प्रयोग तिथे होणं साहजिक होतं. पिकार्ट यांनी सिअ‍ॅटलजवळ स्थापन केलेल्या प्रोसाइट कंपनीने मधुमेहींच्या पायाच्या जखमांवर या रेणूचं जेल वापरून पाहिलं. १९९४मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तळपायाच्या जखमा मध्यक हिशोबाने ९८.५ टक्के भरल्या. नुसतं जेल लावलेल्यांत हा आकडा ६०.८ होता.

हे वाचताना मी थांबलो. माझ्या आजोबांच्या टाचेवरची जखम वर्षभर भरली नव्हती. आई रोज संध्याकाळी पितळेच्या घमेल्यात कोमट पाणी घेऊन बसायची. शेवटी दोन बोटं काढावी लागली. हे जेल औषध म्हणून का आलं नाही, हा प्रश्न माझ्यासाठी नुसता इतिहासाचा नव्हता.

उत्तर साधं आहे. मोठ्या चाचणीत औषध म्हणून मंजुरी मिळण्याइतका फायदा दिसला नाही. रेणू मग ड्रेसिंगमध्ये आणि सौंदर्यप्रसाधनांत गेला. अमेरिकेत औषधाला बाजारात येण्याआधी गुण सिद्ध करावा लागतो, क्रीमला तशी मंजुरी लागत नाही. क्रीमने रोग बरा होतो असं म्हणायचं नाही, 'त्वचा तरुण दिसते' म्हटलं तर चालतं. वरच्या परीक्षेत नापास झालेला रेणू दुसऱ्या दाराने आत आला, आणि जाहिरातीत आठवण उरली ती फक्त बशीतल्या पेशींची.

आणखी एक आकडा सगळीकडे भेटतो: विशीत रक्तात हा रेणू मिलिलिटरला २०० नॅनोग्रॅम असतो, साठीत ८०. मी त्याचा माग काढत गेलो, तर वाट पुन्हापुन्हा पिकार्ट यांच्याच लेखनापाशी पोचली. शोध लावणारे तेच, कंपनी काढणारे तेच, आढावा लिहिणारेही तेच. यात लबाडी आहे असं मी म्हणत नाही. पण एकाच माणसाने लिहिलेला आणि त्यानेच तपासलेला कोड आम्ही ग्राहकापर्यंत जाऊ देत नाही.

सीरम लावायचं तर खुशाल लावा. फक्त 'सिद्ध' हा शब्द दिसला की विचारा: बशीत, प्राण्यात की माणसात? आणि किती माणसांत? आजोबांच्या टाचेसाठी हेच प्रश्न विचारले गेले होते, म्हणून तर ते जेल औषध ठरलं नाही. मला त्याचं वाईट वाटतं, तरी ते प्रश्न विचारले गेले हे बरंच झालं.